मोराचे पुठ्ठे

आमच्या भागात मागे काहीतरी जोडल्याशिवाय कुणाचं नाव पुरं होत नाही. नरसला अय्या लागतो, रुद्रला अप्पा, नागला अव्वा. मी शिक्षिका, म्हणून शेजारचे नरसय्या मला 'पंतुलम्मा' म्हणतात. तेलुगूत पंतुलु म्हणजे मास्तर. त्याला अम्मा जोडली की मी होते. पुढे जोडायची हौस लोक डिजिटल फलकांवर भागवतात. चौकातल्या प्रत्येक फलकावर कुणीतरी माजी असतं आणि कुणीतरी भावी. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या सातवीच्या मुलांना मी इंग्रजी शिकवायला घेतलं, तेव्हा उपसर्ग आणि प्रत्यय शिकवायला याहून जास्त साहित्य लागणार नाही असं मला वाटलं होतं. लागलं.

मोठा शब्द दिसला की मुलं तो वाचायच्या आधीच हरतात. म्हणून मी त्यांना सांगत असे, मोठा शब्द घाबरवण्यापुरताच मोठा असतो. मधे एक लहान शब्द असतो. त्याच्या पुढून एखादा चालतो, मागून एखादा येतो. त्यांना ओळखून बाजूला केलं की मधला आपल्या ओळखीचा निघतो. पहिल्या दिवशी मी फळ्यावर 'अनहॅपीनेस' लिहिला.

माउली म्हणाला, "बाई, ह्याला मधे स्टेशनं किती?"

मी एका हाताने पुढचा अन झाकला, दुसऱ्या हाताने मागचा नेस. मधे हॅपी राहिला. तो सगळ्यांना केकवरून माहीत होता.

हातात धरून जोडता येतील, काढता येतील असे तुकडे हवे होते. कार्डशीटचे केले, ते आठवड्यात मऊ पडले. आमचा वर्ग नरसय्यांच्या शेडमध्ये भरायचा. शेडमध्ये दोन यंत्रमाग होते आणि दोन्ही बंद होते, त्यामुळे शिकवायला शांतता चांगली मिळे. नरसय्या रोज मागे बसून ऐकत. एका संध्याकाळी ते आतून एक जाड गठ्ठा घेऊन आले. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, एकीला एक दोऱ्याने ओवलेल्या. यंत्रमागाच्या डोक्यावर ही माळ फिरते. पट्टीवर भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि कापडात नक्षीची एक ओळ उतरते. एक पट्टी, एक ओळ.

"हा मोर आहे," नरसय्या म्हणाले. "चादरीच्या काठाचा. घ्या पंतुलम्मा, पोरांना होईल."

"आणि तुम्हाला?"

"मोर कोण घेतंय आता? लोकांना मऊ ब्लँकेट पाहिजे. त्यावर वाघ पाहिजे."

त्यांचा मुलगा अंबादास दारात उभा होता. तो शाळेची व्हॅन चालवतो आणि ती उन्हात उभी करावी लागते म्हणून त्याचा या शेडवर डोळा होता. त्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. व्हॅनचं सीट दुपारी तापतं, मुलं उभ्यानं येतात.

"मी काय म्हणतोय नाना," तो म्हणाला, "एक गिऱ्हाईक दाखवा. एक. दोन्ही लूम ठेवू. नाहीतर उन्हाळ्यात मस्तानभाईला बोलवू."

मस्तानभाई भंगार घेतात.  मी ओवलेला दोरा कापायला कात्री काढली तेव्हा नरसय्या मला म्हणाले, "कागद टोकाला चिकटवा. भोकांवर नको."

"भोकांचं आता काय काम?"

"काही नाही," ते म्हणाले. "सवय."

मग एका वेळी मी गठ्ठ्यातली वरची एक पट्टी सोडवून घ्यायची आणि कागदावर लिहिलेला एक तुकडा तिला लावायची. दिवाळीनंतर उपसर्ग घेतले, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर प्रत्यय. उपसर्गाचा कागद पट्टीच्या डाव्या टोकाला चिकटवायचा, प्रत्ययाचा उजव्या टोकाला. शब्दात तो जिकडे असतो तिकडे. चिकटवायला खळ नरसय्यांच्या घरातली. आणि नियम एकच होता. सगळ्या मुलांना समजल्याशिवाय पुढची पट्टी सुटायची नाही.

हा नियम सर्वांत जास्त वापरला तो प्रियदर्शनीने. ती सांगोल्याकडची. तिचे आईवडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात, म्हणून ती आमच्या गल्लीत आत्याकडे राहून शिकते. उपसर्ग तिला पटापट आले, कारण तिच्या मते सगळंच पुढे लागायला हवं होतं. अडचण 'लेस'पाशी आली. कार्डशीटच्या होमपुढे तिने लेस ठेवला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"प्रियदर्शनी, लेस कुठे लागतो?"

"म्होरं."

"का?"

"घर न्हाय हे आदी सांगाय नको व्हय बाई? मागं लावला तर निम्मा शब्द ऐकूस्तवर मानसाला वाटतंय, घर हाय. मग कळतंय, न्हाय. फसवल्यागत हुतंय की."

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण इंग्रजी तिच्या हातात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लेस पुढेच लावला.

अक्षता नरसय्यांची नात, वर्गात पहिली. कुणाला आलं नाही की तिचाच जीव खालीवर होतो. ती पुढे झाली. "हे बघ प्रियू. चादरीला पहिला काठ असतो, मग अंग असतं, मग शेवटचा काठ असतो. शेवटचा काठ शेवटीच येतो. आमच्या ताताला विचार."

"चादर फिरवली की शेवटचा काठ पयला हुतोय," प्रियदर्शनी म्हणाली.

ताता म्हणजे आजोबा. मागे बसलेल्या नरसय्यांनी "बरोबर आहे" म्हटलं, त्याने अक्षताला मदत झाली नाही.

आम्ही लेसवरच राहिलो. मी होम घेतलं, होप घेतलं, स्लीप घेतलं. मुलांनी माझी वाट न पाहता स्वतःचं काम सुरू केलं होतं. माउलीने 'भाकरीलेस' केला, कारण त्या दिवशी त्याच्या घरी पोहे होते. दोनदा अंघोळ करणं म्हणजे 'रीअंघोळ', हे पाणी चार दिवसांनी येणाऱ्या गल्लीत कुणाला कधी लागणार कोण जाणे, पण शब्द सगळ्यांनी लिहून घेतला.  चौथ्या दिवशी प्रियदर्शनी आपणहून उठली.

"बाई, आमच्यात मेंढरांच्या म्होरं बा चालतोय. मागनं आई येती."

"बरं."

"बा वाट दावतोय, कुटं जायचं ती. आई मागं ऱ्हाऊन बगती, किती उरली, किती ऱ्हायली."

"मग लेस कोण?"

"आई," ती म्हणाली. "शेवटाला काय उरलं ते तीच सांगती की."

माउलीने विचारलं, "आणि आई म्होरं गेली आन बा मागं राहिला तर?"

"कळप फिरतोय," प्रियदर्शनी म्हणाली. "तोंडं एकीकडं, पाय एकीकडं. मंग दीसभर वाट न्हाय घावत."

त्यानंतर तिची चूक झाली नाही. फक्त ती उपसर्गाला उपसर्ग म्हणायची नाही आणि प्रत्ययाला प्रत्यय. अन, री, डिस हे तिचे बा होते. लेस, नेस, फुल या आया. परीक्षेत असं लिहायचं नाही एवढं मी तिला बजावलं आणि दुसऱ्या दिवशीची पट्टी सोडवली.

मार्चमध्ये गठ्ठा संपला. ऊन वाढलं, आणि व्हॅनचं सीटही तापायला लागलं. मस्तानभाई येऊन दोन्ही यंत्रमाग बघून गेले, बोटाने टिचक्या मारून. "चाचा, लोहा अच्छा हय," ते म्हणाले. "सोमवारकू टेम्पो लेके आतौं." नरसय्यांनी त्यांना चहा दिला. नरसय्यांचे वडील ज्यावर विणत होते, त्या यंत्रमागाला चांगलं म्हणणारा बऱ्याच दिवसांत तो एकच माणूस आला होता.

त्याच शुक्रवारी गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. आत येईना, म्हणून माणसं उतरून चालत आली. पुढे काखेत घडी घातलेली जुनी चादर घेतलेली एक आजीबाई, मागे तिचा मुलगा. अक्कलकोटच्या नागव्वा आणि रुद्रप्पा. रुद्रप्पांचं तिकडे शेतीच्या औषधांचं दुकान आहे.

नागव्वांनी चादर आमच्या सतरंजीवरच उलगडली. मुलं बाजूला सरकली. अंग विरलेलं होतं, पण काठावरचे मोर शाबूत होते. एक पाय पुढे टाकून, मान वर करून उभे.

"माझ्या लग्नात आला होता हा," नागव्वा नरसय्यांना म्हणाल्या. "ह्याच शेडमधला. तुझ्या बापानं विणलेला. आता नातीचं लग्न आहे. आमच्यात आहेर चादरीचा. सगळ्यांना हाच नविलु पाहिजे."

नविलु म्हणजे मोर, हे मी मुलांना सांगितलं. वर्ग चालू होता.

"अव्वा, दुकानात दाखवले होते की मोर," रुद्रप्पा म्हणाले.

"ते मोर नव्हते. ते कोंबडे होते. आणि दोन दुकानांत तर वाघ दाखवला. लग्नात वाघ देतात का रे कोणी?" त्या नरसय्यांकडे वळल्या. "आयतवारी परत येते. एक काठ काढून ठेव. हाच असला तर आहेर सगळा तुझ्याकडे. नसला तर भांडी देते सगळ्यांना."

"हाच असेल," नरसय्या म्हणाले.

गाडी गेल्यावर ते अंबादासकडे वळले. तो दारातच होता. "एक गिऱ्हाईक," नरसय्या म्हणाले.

अंबादासने भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळ्याला आमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलेला होता आणि त्यातून पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली दिसत होती. एकावर 'शिप' होता.

"नाना," तो म्हणाला, "तुमचा मोर त्या डब्यात आहे. आणि पोरांनी पाच महिने तो पिसलाय."

अंबादासचं बरोबर होतं. शब्द जुळवायचा खेळ रोज व्हायचा, त्यामुळे पट्ट्यांचा क्रम केव्हाच गेला होता. कधीकाळी त्यांवर पेन्सिलीचे आकडे असतील. तेलाने आणि धुळीने ते नरसय्यांच्या वडिलांच्या काळातच पुसले होते. ओवलेल्या माळेला आकड्यांची गरज पडत नाही. पुठ्ठे पाडणारा माणूस वारला होता. जुनी चादर नागव्वा नमुन्यासाठी ठेवून गेल्या होत्या, पण तिच्यावरून एकेक ओळ मोजत भोकं जुळवायची तर चांगले डोळे हवेत, आणि नरसय्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"क्रम लागेल," ते म्हणाले. "पण आयतवार पुढच्या महिन्यात पाहिजे."

मी विचार केला. गठ्ठा मी वरून सोडवत गेले होते. एका वेळी एक, मधली कधी ओढली नाही. म्हणजे ज्या क्रमाने मी शिकवलं त्याच क्रमाने पट्ट्या होत्या. पहिली अन. तेवढी मला ठामपणे आठवली. पुढचं मी पुस्तकाप्रमाणे शिकवलं नव्हतं. वर्गात ज्या दिवशी जे निघालं त्यावरून पट्टी लिहिली होती. टाचण काढायचं मी निवृत्तीच्या दिवशी बंद केलं होतं आणि त्याचा मला आजवर आनंदच होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना शेडमध्ये बोलावलं आणि काय झालंय ते सांगितलं. उद्या मोर निघाला नाही तर परवा यंत्रमाग टेम्पोत जातील. मुलांनी यंत्रमागांकडे पाहिलं. पाच महिने ते त्यांना दप्तर टेकवत होते.

"अननंतर काय?" मी विचारलं.

"री," माउली म्हणाला. "नळाला पाणी आलं आन निम्मा वर्ग पळाला बघा. तुम्ही म्हणला, उद्या रीटीच करते."

"मग डिस?"

"डिस नाही बाई, मिस," अक्षता म्हणाली. "माझे बाबा त्या दिवशी चुकीच्या शाळेत मुलं उतरवून आले होते. मिसटेक आपण त्यावरून घेतलं."

अंबादास दारातून हलला नाही. "ते पाटी बदललेली होती," तो म्हणाला.

"डिस गड्ड्याला जायच्या आदल्या दिवशी," दुसरं कुणीतरी म्हणालं. "आणि सब गड्ड्यावरनं आल्यावर. माउलीला पाळण्यात उलटी झालेली."

"ते सांगायचं काय कारण बे?"

"मग प्री कधी?"

असं चाललं. व्याकरण कुणालाच आठवत नव्हतं. पाणी, जत्रा, लाइट जाणं, कुणाच्या घरचं बारसं, यावरून एकेक पट्टी डब्यातून निघून सतरंजीवर लागत होती. नरसय्या भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येक पट्टीवरून बोट फिरवत होते. प्रत्ययांपाशी गाडी अडली. अक्षता म्हणत होती आधी फुल, माउली म्हणत होता आधी लेस. दोघंही खात्रीने बोलत होते. मला दोन्ही खरं वाटत होतं.

"लेस," प्रियदर्शनी म्हणाली.

"तुला कसं माहीत? तुला तर येतच नव्हतं," अक्षता म्हणाली.

"म्हनूनच की. लेस मला येईना म्हनून बाई फुल सोडीनात. चार दीस तू माज्याकडं डोळं वटारून बसलीवतीस." तिने लेस उचलून जागेवर ठेवला आणि त्याच्यापुढे फुल. "मंग नेस. नेसला मला दोन दीस लागलं. मंग एबल. एबल येका दिसात आला, तवा बाईंनी मला चॉकलेट दिलंवतं. मंग मेंट."

तिथून पुढे दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं नाही. ज्यांना पहिल्या झटक्यात येत होतं त्यांच्या लक्षात एकही दिवस राहिला नव्हता. जी अडली होती तिला सगळे दिवस पाठ होते.

संध्याकाळपर्यंत मुलांनी पट्ट्या ओवल्या. नरसय्यांनी गाठ कशी मारायची ते दाखवलं, अक्षताने एकेक पट्टी हातात देण्याचं काम घेतलं. ती नीटनेटकी मुलगी. वह्यांना समास आखते, समासालाही समास आखते. माळ पुरी झाली तेव्हा सगळी लेबलं एका बाजूला, एका ओळीत आली होती. अन, री, मिस, खाली थेट शिपपर्यंत. मीही बघून "छान" म्हणाले.

रविवारी सकाळी नरसय्यांनी माळ यंत्रमागाच्या डोक्यावर चढवली, तेल घातलं आणि कुलदैवताचं नाव घेऊन बटण दाबलं. बंद पडलेलं यंत्र चालू होताना कसा आवाज करतं ते मुलांना ठाऊक नव्हतं. दोन मुलं बाहेर पळाली आणि परत आली. मोर पायापासून विणला जातो. आधी बोटं उमटली, मग नख्या, मग एक पाय पुढे टाकलेला. अगदी नागव्वांच्या चादरीतला. मुलं ओरडायला लागली. मग पोट आलं. मग छातीपाशी काहीतरी झालं आणि मान निघाली ती भलत्या बाजूने.

नरसय्यांनी यंत्र थांबवलं. आम्ही सगळे वाकून पाहत राहिलो. मोराचे पाय पुण्याकडे चालले होते आणि तोंड हैदराबादकडे होतं.

"हा नेमका कुठं निघालाय बे?" अंबादास म्हणाला.

 नरसय्यांनी कापडावरून हात फिरवला, पायांवरून, पोटावरून, मानेपर्यंत, आणि हात तिथेच ठेवला. "क्रम बरोबर आहे," ते म्हणाले. "ओळ कुठं तुटलेली नाही." पण बिघडलं काय, ते त्यांना दिसत नव्हतं. मोर दिसत होता, भोकं दिसत नव्हती.

अंबादासचा फोन वाजला. रुद्रप्पा होते. गाडीने अर्ध्या वाटेवरचं वळसंग सोडलं होतं. "या, या," अंबादास म्हणाला, आणि फोन ठेवून वडिलांकडे न बघता म्हणाला, "नाना, त्यांना खोटं नको सांगायला. नाही जमलं म्हणू. मस्तानभाई तर उद्या येतोयच."

 नरसय्यांनी तेलाची बाटली उचलली आणि तिचं झाकण लावायला घेतलं. ते बराच वेळ लावत होते.

प्रियदर्शनी कापडाकडे बघतच नव्हती. ती मान वर करून माळेकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली. "आईला म्होरं आनलंय."

"काय?"

"लेसला म्होरं लावलंय. नेसला बी. समद्या आया बापाच्या अंगाला येऊन हुब्या हायत्या. तुमीच म्हनलावता न्हवं, लेसचा कागद मागच्या टोकाला? मंग ह्यो म्होरच्या टोकाला कसा आला?" तिने हवेत हात उलटा करून दाखवला. "पट्टीच फिरवलीया. म्हनून मोर फिरलाय."

मी वर पाहिलं. लेबलं एका सरळ रेषेत होती. प्रत्ययांची लेबलं उजवीकडे असायला हवी होती. ती डावीकडे होती, म्हणजे तेवढ्या सगळ्या पट्ट्या टोकाकडून उलट्या झाल्या होत्या. डावीकडची भोकं उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. मोराच्या छातीपासून वर सगळा प्रत्ययांचा मुलूख होता.

अक्षताचा चेहरा उतरला. "मी एका रांगेत यावं म्हणून..."

"चांगलं दिसत होतं," मी म्हणाले. "मीही छान म्हटलं. चला, सोडवा."

वळसंगहून गाडी यायला लागतो तेवढा वेळ आमच्या हाती होता. माळ खाली उतरवली. लेसपासून खाली माउली एकेक पट्टी सोडवायचा, अक्षता ती फिरवायची आणि प्रियदर्शनी "मागं" म्हणायची. ती "मागं" म्हणाली की नरसय्या ओवायचे. सुईत दोरा घालायला त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते काम अंबादासकडे आलं. त्याने पहिल्यांदा "द्या इकडं" एवढंच म्हटलं, नंतर तेही म्हटलं नाही.

नागव्वा आल्या तेव्हा शेवटच्या पट्ट्या राहिल्या होत्या. जमिनीवर पसरलेली मुलं, पुठ्ठे, सुईत दोरा घालणारा अंबादास, सगळं त्यांनी उंबऱ्यातून बघितलं आणि आत येऊन सतरंजीवर बसल्या. "आटपा," म्हणाल्या, "मला घाई नाही."

यंत्र पुन्हा चालू झालं. पाय आले, पोट आलं, छाती आली. मान निघाली ती पाय चालले होते त्याच बाजूला. वर चोच, डोळा, शेवटी तुरा. शिपवर तुरा संपला.

नरसय्यांनी तुकडा कापून नागव्वांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आपली जुनी चादर शेजारी धरली, चष्मा काढला, डोळ्याशी नेऊन पाहिलं. रुद्रप्पा म्हणाले, "अव्वा, तोच आहे." त्यांच्याकडे लक्ष न देता त्यांनी तुऱ्यावरची पिसं मोजली, आधी जुन्याची, मग नव्याची.

"हौदु," त्या म्हणाल्या. हो म्हणायला त्यांना कन्नडच लागतं. "हाच."

नरसय्या खाली बसले.

नागव्वांचं लक्ष मग बाजूला पडलेल्या पहिल्या तुकड्याकडे गेलं. त्यांनी तो उचलला, पायांपासून तोंडापर्यंत पाहिला. "आणि हा?"

"तो चुकला," नरसय्या घाईने म्हणाले. "तो टाकून देणार."

"टाकू नको. ह्याचीही एक चादर काढ."

"कशाला?"

"व्याह्यांना देते," नागव्वा म्हणाल्या. "लग्नाच्या बैठकीत त्यांचं असंच चाललं होतं."

सोमवारी मस्तानभाई टेम्पो घेऊन आले. रिकामा टेम्पो परत नेणं त्यांच्या धंद्यात बसत नाही, म्हणून अंबादासने त्यांना व्हॅनचा जुना सायलेन्सर दिला आणि मी माझा फळ्याचा मोडका स्टँड दिला. जाताना ते यंत्रमागाला पुन्हा एक टिचकी मारून गेले. व्हॅन अजून उन्हातच असते. अंबादास तिच्या सीटवर दुपारी वाघाचं ब्लँकेट टाकतो.

माझा वर्ग मात्र शेडमधून उठला. यंत्रमाग चालू असताना तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. आता आम्ही माझ्या ओट्यावर बसतो. नवीन तुकडे आम्ही पुन्हा कार्डशीटचे केलेत आणि ते पुन्हा मऊ पडलेत, कारण जुने सगळे नोकरीला लागले. लेबलं नरसय्यांनी काढू दिली नाहीत. आकड्यांपेक्षा बरी, म्हणाले.

परवा आम्ही धडा घेत होतो आणि पलीकडचा आवाज एकदम थांबला. मुलंही थांबली. थोड्या वेळाने नरसय्या दारात आले, हातात दोन तुकडे झालेली एक पट्टी.

"पंतुलम्मा, तुमचा नेस फाटला," ते म्हणाले. "नवीन पट्टी घेतली, भोकं अंबादासनं पाडली. कागद तेवढा लावून पाहिजे."

अक्षता उठायला लागली. नरसय्यांनी मान हलवली आणि नवी पट्टी आणि खळीची वाटी प्रियदर्शनीपुढे ठेवली. तिने पट्टी मांडीवर आडवी धरली, जुन्या तुकड्यांशी भोकं पडताळून पाहिली, एकदा फिरवली आणि परत सरळ केली.

"मागं न्हवं का?" तिने विचारलं.

"मागं," नरसय्या म्हणाले.

तिने कागद मागच्या टोकाला लावला आणि वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरला.